चेलेस्तिनोच्या नळ्यांचा नेम

वाल त्रोम्पिया,
ऑक्टोबरातला एक धुकट रविवार

तीर्थरूप पाल्मिराताईच्या चरणी धाकट्या एर्सिलियोचा नमस्कार पोचावा.

तुझी कंबर कशी आहे? (गेल्या पत्रात 'बरी आहे' असं लिहिलं होतंस, तेव्हाच बरी नाही हे ओळखलं.) दाजींचा खोकला, चष्म्यांच्या कारखान्यातली त्यांची नोकरी आणि तुमच्या कादोरेतली हाडं गोठवणारी थंडी, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत. मजेत म्हणजे काय, तर तुझी भावजय इनेस माझ्याशी बोलत नाही, कारखान्याच्या मालकीण झाइराबाई माझ्याकडे बघत नाहीत आणि चेलेस्तिनो गुडघा कापून घेऊन ब्रेशाच्या इस्पितळात पडला आहे. बाकी क्षेम.

चेलेस्तिनो तुला आठवत असेलच. शाळेत तुझ्या वेण्या खुर्चीला बांधायचा, तोच. आमच्या कारखान्यात जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब नकला होतात, त्यांच्या नळ्या तो करतो आणि तयार झालेलं रिव्हॉल्व्हर झाडून बघणं हे माझं काम. नक्कल म्हटलं की लोकांना खेळणं वाटतं. अगं, खेळणं कसलं! चक्रीच्या सहा घरांत बंदुकीची काळी दारू घालायची, वर चिमूटभर मक्याचं, आपलं पोलेंताचं पीठ (दारू आणि गोळी यांच्यामधली पोकळी भरायला), मग शिशाची गोळी दट्ट्याने ठासायची, वरून चरबी लिंपायची (नाहीतर एका घरची आग शेजारच्या घरात शिरते आणि सहाही गोळ्या एकदम निघतात), मागे ठिणगी पाडणाऱ्या टोप्या बसवायच्या. यात अर्धी सकाळ जाते. त्यातून या रिव्हॉल्व्हरांना वर मारायची जन्मजात खोड, म्हणून मधोमध लागावं असं वाटत असेल तर समोर लावलेल्या निशाणाच्या पुठ्ठ्याच्या तळाशी नेम धरावा लागतो. सहा भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली गेली की माल पास. इतकी वर्षं माझी बशी कधी उघडी पडली नाही, आणि त्याचं निम्मं पुण्य चेलेस्तिनोच्या नळ्यांचं, हे मी चारचौघांत सांगत आलो आहे.

आणि आता बघ. चेलेस्तिनो इस्पितळात गेला आणि त्याने जाण्याआधी केलेल्या नळ्यांची रिव्हॉल्व्हरं माझ्या हाती आली. पहिल्याच दिवशी झाइराबाई पुठ्ठा उन्हासमोर धरून म्हणाल्या, "एर्सिलियो, हा पुठ्ठा आहे की चाळण?" बशी सोड, परात ठेवली तरी झाकेना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाईंनी फर्मान काढलं की येत्या सोमवारी मी सर्वांसमोर 'नळ्या वाईट' असं सांगायचं. मग त्या वितळवायला जाणार, पुढच्या नळ्या बाहेरून येणार आणि चेलेस्तिनो गुडघा बरा करून आला की त्याला फाटकावर खुर्ची मिळणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार घालायला. (हे त्या इस्पितळात जाऊन त्याला सांगूनही आल्या.) ताई, ज्या माणसाने आयुष्यभर नळीत फुंकर मारून तिचा सूर ओळखला, तो फाटकावर बसून करणार काय?

म्हणून मी दुसरीकडे दोष शोधायला लागलो. आधी पिठावर संशय घेतला. इनेसचा पिठाचा डबा उचलला, जाडं-बारीक चाळून निरनिराळं करून पाहिलं आणि घाईत काळ्या दारूचं माप त्याच डब्यात बुडवलं. त्या दिवशी घरी इनेसचे भाऊ जेवायला. पोलेंता करडी-काळी निघाली! मला दरदरून घाम फुटला, पण पाहुण्यांना वाटलं काळ्या गव्हाचं पीठ मिसळलंय, डोंगराकडची पद्धत. "व्वा, याला म्हणतात जुनी चव!" म्हणत दोनदा मागून घेतली. (कुणाला काही झालं नाही. थोरल्या भावाची बद्धकोष्ठाची तक्रार उलट मिटली.) पाहुणे गेल्यावर मी खरं काय ते सांगितलं, तेव्हापासून इनेसचं मौनव्रत सुरू आहे.

मग चरबीवर संशय घेतला. कारखान्यातली चरबी संपली होती, म्हणून रविवारच्या स्पिएदोखाली, सळईवर भाजायच्या मांसावरून गळून जमलेलं लोणी वापरलं, सेजच्या पानांसकट. तू म्हणशील, एवढी वर्षं घालवून अक्कल शेण खायला गेली का? पण ताई, आपल्या खोऱ्यात चांगलं लोणी कुणाच्या हातून टाकवतं? पहिला बार उडाला आणि सगळ्या मैदानावर रविवारचा वास पसरला. गावातली कुत्री आली, त्यांच्यामागून त्यांचे मालक आले, आणि पाद्रीबाबा "आज कसला सण?" विचारत आले. भोकं मात्र होती तशीच विखुरलेली.

पण खरं सांगू का, मला आता या धुराची गोडी लागली आहे. काळ्या दारूचा धूर म्हणजे काही सिगरेटचा धूर नव्हे. बार झाला की समोरचं जग पुसून जातं. मेल्ला नदीकाठच्या सकाळी वारा नसतो, त्यामुळे तो पांढरा ढग खांद्याशी रेंगाळतो, आणि गोळी कुठे लागली ते कळायला त्याच्या मर्जीने थांबावं लागतं. त्या थांबण्यात मी कुठे कुठे जाऊन येतो म्हणून सांगू! परवा आई दिसली, अंगणात चेस्टनट भाजत बसलेली, आणि तू तिच्या मागे उभी राहून गरम चेस्टनट फ्रॉकच्या ओच्यात चोरत होतीस. मी हाकसुद्धा मारली. मग ढग हळूहळू वर चढला, डोंगर आला, तुतीची झाडं आली, पुठ्ठा आला, पण सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं, कडा विरघळलेल्या. धूर गेला तरी जग तसंच मऊ राहतं हल्ली. वयाबरोबर निसर्गही हळवा होत असावा. (पुठ्ठा जरा लांब वाटतो, असं मी बाईंना म्हटलंही. पूर्वी तो चेलेस्तिनो लावायचा, आता बाई स्वतः टेप धरून लावतात. म्हणाल्या, "नियमाने आहे तिथेच आहे.")

शेवटचा उपाय म्हणून माझं स्वतःचं जुनं रिव्हॉल्व्हर आणलं, चेलेस्तिनोने लग्नात दिलेलं. त्याने कधी दगा दिला नव्हता. त्याचीही भोकं विखुरली! यावरून मी एवढाच निष्कर्ष काढला की दमट हवा सगळ्याच लोखंडाला बाधते आहे. बाईंना हे पटवून द्यायला गेलो. त्या हसल्या नाहीत.

तर असं आहे. दाजींना नमस्कार. शेकोटीजवळ फार बसू नकोस, तुला लगेच झोप लागते.

तुझा,
एर्सिलियो

ता. क. एक क्षुल्लक काम होतं. माझ्या एका मित्राला लांबचं जरा कमी दिसतं. त्याला दाजींच्या कारखान्यातला चष्मा हवा आहे. मित्राचं नाक साधारण माझ्याएवढंच आहे. पुडीवर 'चीज' लिहून पाठवावं, कारण मित्र लाजाळू आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवलेलं फोडून लिहितो आहे. आत्ताच ब्रेशाला जाऊन आलो. चेलेस्तिनोला सगळी कहाणी सांगितली, पीठ, लोणी, कुत्री. तो पाय वर टांगून पडला होता. शेवटी त्याने विचारलं, "पुठ्ठा कोण लावतं?" म्हटलं, "बाई, टेपने."

"मग मेलास तू," म्हणाला. "अरे गाढवा, कित्येक वर्षं मी तो रोज पुढे आणून ठेवत होतो. तुला दिसावा म्हणून."

मला बसायला खुर्ची सापडेना. म्हटलं, "बाई इथे येऊन तुला सांगून गेल्या ना, नळ्या वितळवणार म्हणून? मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

"नळ्या काय, पुन्हा करीन," म्हणाला. "तुझं काम गेलं तर डोळे कुठून करून देऊ?"

ताई, मी इस्पितळात सर्वांदेखत रडलो. परतताना थेट बाईंच्या दारात गेलो आणि सांगून टाकलं की नळ्या सोन्यासारख्या आहेत, खोट माझ्या डोळ्यांत आहे. त्या म्हणाल्या, वितळवणं आठ दिवस थांबवते. चष्मा लावून ये आणि नियमाच्या अंतरावरून बशी झाकून दाखव. झाकलीस तर नळ्याही राहतील आणि तूही. नाही झाकलीस, तर फाटकावर दोन खुर्च्या टाकते.

तेव्हा दाजींना आजच सांग. मित्रबित्र कुणी नाही, नाक माझंच आहे. इनेसला चष्म्यातला नवरा नको होता म्हणून इतके दिवस टाळलं, पण ते आता राहू दे. काचा कितीही जाड असोत, फ्रेम बायकी असली तरी घालीन.