सोपे प्रश्न आधी

१२ जुलै
काल देवळाच्या ओट्यावर काशीनाथने चारचौघांत सांगितले की, गेल्या वर्षी त्याचा नातू तुषार याला मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजात जागा 'मिळणारच' असे मी म्हणालो होतो. हे विधान असत्य आहे. मी 'नव्वद टक्के मिळेल' असे म्हणालो होतो. उरलेले दहा टक्के घडले. म्हणजे अंदाज बरोबरच होता. 'मास्तर, तुझा अंदाज म्हणजे वेधशाळेचा अंदाज,' हे त्याचे पुढील वाक्यही चूक. वेधशाळेने नरपडच्या शाळेत अडतीस वर्षे मुले तपासलेली नाहीत.

संकल्प: यंदा नात दिशा हिच्या प्रवेशाची शक्यता मी स्वतः शास्त्रशुद्ध रीतीने काढणार. नोंदणीत मोबाइल क्रमांक माझा दिला आहे. तो घरातील जबाबदार व्यक्तीचाच असावा.

१३ जुलै
दिशाला पुण्याचे सरकारी कॉलेज हवे, कॉम्प्युटर शाखा. दुसरे काही नको. आठवीत असताना तिने वाडीतला पंप मोबाइलवरून चालू-बंद होईल अशी सोय केली, तेव्हापासून हाच ध्यास.

शक्यता काढली. निकष: गुण, हस्ताक्षर, शिस्त, घराण्यातील शिक्षण. उत्तर: एकसष्ट टक्के. 'आजोबा, पर्सेंटाइल आणि पर्सेंट वेगळं असतं,' असे ती म्हणाली. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. फरक किरकोळ असणार.

तिची झरीची मैत्रीण रूपी आली होती. तिलाही पुणेच हवे. तिची शक्यता नऊ टक्के. घरी नेटवर्क नाही. रूपी म्हणाली, 'नऊ तर नऊ, सर. शून्य तर नाय ना.' आशावाद चांगला, पण त्याला गुण नाहीत.

१५ जुलै
नोंदणीचा क्रमांक दलालांना कसा कळतो, हे गूढ आहे. सकाळपासून अकरा फोन. 'सर, डायरेक्ट ॲडमिशन चाहिए?' एक गुजरातीत, दोन मराठीत. 'आपल्याकडे सीटा अवेलेबल आहे,' असे एक म्हणाला. 'सीट'चे अनेकवचन आणि क्रियापद यांचा मेळ मी त्याला समजावून दिला. त्याने मध्येच फोन ठेवला.

फोन बंद करता येत नाही, कारण ओटीपी कधीही येईल. वाडीत जाता येत नाही, तिथे रेंज जाते. न्हाणीघरात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. माझ्याशिवाय या घराचे पान हलत नाही. मलाही हलता येत नाही.

१९ जुलै, रात्री ८
दिशाने कॉलेजांचा पसंतीक्रम भरून ठेवला आणि ती रूपीचा अर्ज भरायला झरीला गेली. तिथेच मुक्काम. 'सकाळी येऊन कन्फर्म करते. आजोबा, हात लावू नका,' असे बजावून गेली.

मी फक्त वाचला. पहिल्याच क्रमांकावर पुणे! हायवेवरचे, तलासरीजवळचे नवे कॉलेज दहावे, म्हणजे शेवटचे. अडतीस वर्षे मुलांना एकच सांगत आलो: सोपे प्रश्न आधी सोडवा, कठीण शेवटी. सोप्याचे गुण खिशात पडले की मन स्थिर होते. माझ्या घरच्या मुलीने हे विसरावे?

क्रम उलटा केला. तलासरी पहिले, पुणे दहावे. वीज जाण्याची भीती होती, म्हणून कन्फर्मही केले. ओटीपी माझ्याच फोनवर आला. जबाबदार व्यक्तीचा फायदा तो हाच.

२० जुलै
दिशा परतली. कन्फर्म झाल्याचे सांगितले. 'तुम्हीच केलंत? क्रम तोच आहे ना?' मी म्हणालो, कॉलेजे तीच आहेत. हे वाक्य अक्षरशः सत्य आहे.

२६ जुलै
यश! पहिल्याच फेरीत पहिलाच पर्याय. अर्धा किलो पेढे आणवले. काशीनाथला पहिला पेढा स्वतः नेऊन दिला. त्याने विचारले, 'कुठलं मिळालं?' सांगितले. त्याने तोंडाकडे नेलेला पेढा खाली घेतला. 'अरे मास्तर, आमचा तुषार तिथंच हाय की! पोरीचे मार्क बघितलेस का तू?'

घरी आलो, तो दिशाची खोली आतून बंद. मुलगा नविन याने समजावले: पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले, तर तीच जागा पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. म्हणून सगळेजण हवे ते कॉलेज पहिले टाकतात. असा नियम असेल, तर तो शिक्षणशास्त्राच्या विरुद्ध आहे.

सून सुनिता एवढेच म्हणाली, 'बाबा, तुम्हाला नुसता एक ओटीपी द्यायचा होता.'

२७ जुलै
हेल्पलाइनला फोन. 'सर, सिस्टिमने फ्रीझ केलंय.' मराठीत सांगा, म्हटले. 'गोठवलंय, सर.' पत्र लिहून नियमातील विसंगती दाखवू का, असे विचारले. 'लिहा, सर. जागा तीच राहील.'

संध्याकाळी दिशा बाहेर आली. 'पुणे शेवटी का टाकलंत?' मी म्हणालो, कठीण प्रश्न शेवटी. ती म्हणाली, 'शेवटपर्यंत पोचलेच नाही ना मी.'

२८ जुलै
रूपीला पुणे मिळाले. दिशाचे गुण तिच्यापेक्षा जास्त आहेत. नऊ टक्के घडू शकतात, हे मी नाकारले नव्हते.

२ ऑगस्ट
सुनिता सरावली गावच्या आपल्या बहिणीला फोनवर सगळी हकीकत सांगत होती. मी ओटीवरून ऐकले. तारखांचा पुरता गोंधळ. तिथल्या तिथे दुरुस्ती करता आली नाही, कारण सध्या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. सबब येथे करतो.

१९ जुलै: 'विसाव्या तारखेला अर्ज चोरून भरला' हे चूक. एकोणीसला भरला. चोरून नव्हे, लॅपटॉप उघडाच होता.

२६ जुलै: 'पंचवीसला गावभर पेढे वाटले' हे चूक. सव्वीसला. गावभर नव्हे. काशीनाथने तर त्याचा पेढा परत पाठवला.

२९ जुलै: 'तीसला फी भरली' हे चूक. एकोणतीसला भरली. त्याच दिवशी दिशाने प्रवेशाच्या खात्यावरचा मोबाइल क्रमांक बदलून स्वतःचा टाकला. त्याचा ओटीपी माझ्याकडे मागावा लागला. मी लगेच दिला.

१ ऑगस्ट: 'कॉलेज सोमवारपासून' हे चूक. कालच सुरू झाले. दिशा तुषारच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली. फाटकापर्यंत मी गेलो होतो. तिने पाहिले नाही.

१ ऑगस्ट, दुपार: ही नोंद सुनिताच्या हकीकतीत नाही, कारण तिला ठाऊक नाही. फोन वाजला. 'सर, आपल्याकडे सीटा अवेलेबल आहे.' तोच माणूस. मी त्याचे वाक्य तसेच राहू दिले. पुण्यात आहे का, एवढेच विचारले.

तो म्हणाला, 'पुण्यात नाय, सर. तलासरी चालेल?'