बकुळीखालची दोन फूट माती

बाई,

मी, हे पत्र लिहिणारा, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी पास, धंदा बागकाम, बंगालातील बजबज येथील नदीकाठच्या कंपनी-वसाहतीचा निवृत्त हेडमाळी, हल्ली मुक्काम डमडम, मुलाच्या घरी, पूर्ण शुद्धीवर राहून लिहून देतो की खालील मजकूर खरा आहे. नाव लिहीत नाही, कारण ते तुम्ही कधी घेतलेच नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि पहिल्या दिवसापासून तुम्ही मला 'माळीबुवा' म्हणालात, 'अहो' म्हणालात. तेवढ्या मानावर मी माणदेश सोडून तुमच्यामागून या शहरात आलो. तुम्हांस जाऊन आता तीस वर्षे होऊन गेली.

गेल्या रविवारी मी वसाहतीत गेलो होतो. घरे आता रहिवाशांच्या मालकीची आहेत आणि त्यांची एक कमिटी आहे. तुम्ही रचलेले बकुळीचे उंचवटे सपाट करून तिथे मोटारींसाठी फरशी घालावी, असा ठराव कमिटीपुढे आहे. बकुळी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावू, असे म्हणतात. पन्नाशी उलटलेली झाडे! आधार म्हणून सेक्रेटरींनी जुन्या फायलीतले तुमचे पत्र वाचून दाखवले. 'चाळीस रोपे गेली. आखणी माझी, चूक माझी.' त्यांचे म्हणणे असे की, बागेची आखणी मुळातच फसली होती आणि हे उंचवटे म्हणजे मागाहून लावलेले ठिगळ आहे. "दादू, उन्होंने खुद लिखकर दिया है," ते मला म्हणाले. तेव्हा मी काठी टेकून उभा राहिलो. का उभा राहिलो ते तुम्हांस ठाऊक आहे, तरीही क्रमाने लिहितो.

त्या काळी बाग आखणारी बाई हा प्रकार इथे कोणी पाहिलेला नव्हता. कंत्राटदार येतो, तुमच्या डोक्यावरून पलीकडे पाहतो आणि विचारतो, "साहब किधर हैं?" तुम्ही चिखलात उभ्या, पदर खोचलेला, हातात दोरी. "सामने खड़े हैं," तुम्ही म्हणता, "रस्सी का दूसरा सिरा पकड़िए." आणि तो मुकाट्याने दोरी धरतो. कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी तुम्ही तीन दिवस त्या मोकळ्या जमिनीवर स्टूल टाकून बसलात. सावली कुठून कुठे जाते, पाणी कुठे साचते, बाजारातून येणाऱ्या बायका पिशव्या कुठे टेकवतात, एवढेच पाहत होतात. मला वाटले, बाईंना काम सुचत नसावे.

सगळे नकाशे इंग्रजीत असत. माझ्यासाठी तुम्ही एक वेगळी प्रत काढलीत. तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात दुपारी स्टोव्हवर पिठले रटरटत होते. मी दाराबाहेर उभा होतो. तुम्ही मला आत बोलावून पाटावर बसवलेत, ताट वाढलेत आणि ताटाशेजारी ती प्रत उलगडलीत. "पिठलं सांडू नका हं त्यावर, बुवा. आणि अडलं तर विचारा. विचारायला काही फी नाही." मी म्हणालो, "समजले."

मग आईच्या आजारपणासाठी तुम्ही पुण्यास गेलात आणि बकुळीची चाळीस रोपे मी माझ्या रीतीने लावली. आमच्याकडे पाणी जपण्यासाठी रोप खाली बसवतात आणि भोवती खोल आळे करतात. एक म्हातारा बंगाली मजूर कुदळीला टेकून पाहत होता. "माली-दादा, पेड़ को नहला रहे हो कि डुबा रहे हो?" मी त्याला आपले काम पाहण्यास सांगितले. पाऊस लागला. त्या चिकणमातीत पाणी मुरेना. आळ्यांत ते दिवसच्या दिवस उभे राहिले.

तुम्ही परत आलात आणि एक रोप उपटलेत. मूळ माझ्या नाकाशी धरलेत. "वास घ्या, माळीबुवा." मी घेतला. कुजका, आंबूस वास होता. "हा विसरायचा नाही." रागावणे ते एवढेच. कंपनीच्या साहेबांनी माळ्यास काढून टाकण्याची गोष्ट काढली, तेव्हा तुम्ही ती ओळ लिहून दिलीत. पुढल्या खेपेस मूळ आखणीप्रमाणे मातीची भर घालून चाळीस रोपे लावली. आजही चाळीस उभी आहेत.

रविवारी मी कमिटीस सांगितले, "आखणी बरोबर होती. चूक माझी. मी चौथी पास माणूस, मला नकाशा वाचता आला नाही." सेक्रेटरी समजुतीने हसले. "तो दादू, जो नक़्शा माली पढ़ न सके, वह भी तो ग़लत ही हुआ न?" मंडळी हसली. मी खाली बसलो. तुमचे नाव सोडवण्यास गेलो आणि आणखी एक दोष तुमच्या माथी ठेवून आलो.

याचे उत्तर माझ्या ट्रंकेत होते, ते मी नेले नव्हते. ती प्रत आज माझ्यापुढे आहे. कोपऱ्यावर पिठल्याचा पिवळा डाग आहे. प्रत्येक बकुळीशेजारी तुमच्या हातचे मोठे, सुटे अक्षर आहे : 'भर दोन फूट. रोप वर. आळे नको.'

बाई, मी ते वाचले होते. सगळे समजले होते. जिने कधी दुष्काळ पाहिला नाही, ती मला झाड लावायला शिकवणार काय, असे मनात म्हणून मी तो कागद मिटून ठेवला. तुम्ही चूक अंगावर घेतलीत आणि मी ती घेऊ दिली. पुढे बकुळी वाढल्या, लोक मला उस्ताद म्हणू लागले, आणि मी तेही घेतले.

येत्या रविवारी कमिटीचा निकाल आहे. मी ही प्रत घेऊन जाणार, टेबलावर पसरणार आणि वरील मजकूर भर सभेत सांगणार. ठराव काही होवो, तुमची ती ओळ खोटी होती हे त्यांच्या फायलीत लागल्याखेरीज मी उठणार नाही. नात सोबत येऊन बंगालीत सांगेल. तिला मराठी जेमतेम येते. आज तिने कागदावर बोट ठेवून सावकाश वाचले, "भर... दोन... फूट. आजोबा, हे तर मलासुद्धा वाचता येतं!"

हे पत्र कुठे टाकायचे नाही. प्रतीच्या घडीत ठेवतो. एक लिहायचे राहिले. "वाचता आले नाही," असे सभेत म्हणताना मला लाज वाटली नाही, सोपे वाटले. लाज नातीच्या बोटाने आणली.

लिहिते वेळी हजर : नात, माझ्या डाव्या हाताशी; सून, दारात.