तुझी मर्जी, मला काय

योग्याकार्ता,
बुधवार, १२ जून २०१९

चि. रुसमीस,

सलाम आणि आशीर्वाद. तुझ्या यजमानांची, सुतियोनोंची, शुगर आटोक्यात असेल. माझे गुडघे दुखतात, बाकी ठीक. इकडे वोनोसोबोला धुकं आहे, असं लिहिणार होते, पण वर गावाचं नाव खरं घातलं आहे. मी सोमवारपासून तुझ्याच गावात आहे, स्टेशनामागच्या एका लॉजमध्ये.

तू मला शुक्रवारी बोलावलंस. मी चार दिवस आधी आले, कारण मला तुझं हे योग्या शहर बघायचं होतं. परवा तुझी धाकटी गेंडिस थोरल्या लारसपुढे गुडघे टेकून विचारणार, "ताई, तुझ्याआधी लग्न करू का?" तसंच तू मला विचारलं होतंस. धाकटी थोरलीला ओलांडून पुढे जाते तेव्हा थोरली मागेल ती भेट द्यायची असते. मी सोनं मागितलं नाही, कापड मागितलं नाही. मला योग्या दाखव, एवढंच म्हटलं होतं. "दाखवीन ना ताई, लग्नाची गडबड सरू दे," तू म्हणालीस. त्याला चौतीस वर्षं झाली. फारच लांबली बाई तुझी गडबड.

तर माझं मीच बघितलं. सुलतानाचा राजवाडा पाहिला, काल सकाळी प्रंबाननची देवळं पाहिली, उन्हात पाय भाजून घेतले. तिकीटवाला, सायकलरिक्षावाला, नाश्त्याला फणसाचा गुदेग वाढणारी बाई, सगळ्यांचा एकच प्रश्न, "एकट्याच? सोबत कोण?" मी म्हणायचे, बहीण येतेय मागून. रिक्षावाला भला होता. "मग थांबू का त्यांच्यासाठी?" म्हणाला. "नको," म्हटलं, "तिला वेळ लागतो." गुदेग इतका गोड होता की त्यात फणस शोधावा लागला. तुमच्याकडे सगळंच गोड, बोलणंसुद्धा.

काल दुपारी तामन सारीला, सुलतानाच्या जुन्या जलमहालात, लारस भेटली. मीच तिला निरोप दिला होता. बाटिकच्या कारखान्यातून अर्धी रजा काढून आली, बोटं निळीच होती. हौदाच्या पायरीवर बसलो.

"मावशी, आई म्हणते तू हसून हो म्हणालीस."

"हसले होते खरी."

"आणि?"

तू पत्रात लिहून दिलं होतंस तेच मी बोलले, "मला काही वाटलं नाही गं. आता तू अडून बसू नकोस."

ती म्हणाली, "हे सांगायला चार तास बसमध्ये बसलीस?"

मला लाज वाटली, रुसमी. मग मी तिला सगळं सांगितलं. ते तुला कधीच सांगितलं नव्हतं, आता तूही वाच.

केजाजारच्या शाळेतले पुर्नोमो मास्तर आठवतात? ईदनंतर ते आईवडिलांना घेऊन मला मागणी घालायला येणार होते. तुझं लग्न उपवासाच्या महिन्याआधीच उरकलं. त्यांची आई म्हणाली, धाकटीनं ओलांडलेली मुलगी आहे, काहीतरी खोट असणार. मास्तर आलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी पारकानची मुलगी केली.

मग तेव्हाच नाही का म्हटलं नाहीस, असं तू विचारशील. घर पाहुण्यांनी भरलं होतं, आई माझ्या मागे उभी होती, तू खाली मान घालून बसली होतीस. मी म्हटलं, "तुझी मर्जी, मला काय." आपल्या माणसांत याचा अर्थ न कळणारा कोण आहे? चहा विचारल्यावर पाहुणा असं म्हणाला तर तो नाही म्हणतोय हे ओळखून आपण पेला पुढे करत नाही. आईला कळलं, काकांना कळलं, तुलाही कळलं, म्हणून तर तू मान वर केली नाहीस. पण मांडव ठरला होता, तेव्हा सगळ्यांनी हो असंच ऐकलं.

तेव्हापासून मला राग आहे. दर ईदला तू हात धरून माझी माफी मागतेस, जशी सगळ्यांची मागतेस, आणि मी माफ केलं म्हणते, जसं सगळ्यांना म्हणते. गेल्या आठवड्यात फोनवरही म्हटलं. ते खोटं होतं.

शुक्रवारी मी येणार नाही. उद्याच्या बसनं परत जाते. लारसनं काय बोलायचं ते मी तिला शिकवलेलं नाही, तूही शिकवू नकोस. नाही म्हणाली तर मांडव उतरव. गेंडिस सव्वीस वर्षांची आहे, तिला थांबता येईल. आणि लारस "तुझी मर्जी" म्हणाली, तर कृपा करून तो होकार धरू नकोस.

तू गुडघे टेकून विचारलं होतंस, "ताई, तुझ्याआधी लग्न करू का?"

नको, रुसमी.

तुझी थोरली बहीण,
मुर्तिनी