उडवलेली स्वॅप फाइल

५ फेब्रु., मुलचेरा
ड्रोनचे फोटो कॉम्प्युटरवर जोडायला लावले. मैनाबाईंच्या गावाच्या वनहक्क दाव्याचा नकाशा. सोमवारी सुनावणी, त्याआधी व्हायलाच हवा. दोन-तीन दिवस काम चालणार, मध्ये सेव्ह होत नाही. लाइट तर रोज जाते. म्हणून आपली नेहमीची पद्धत: लाइट गेली की मशीन बंद नाही करायचं, इन्व्हर्टर दम धरतो तोवर झोपवायचं. रॅममधलं सगळं डिस्कवरच्या स्वॅप फाइलीत उतरतं, लाइट आली की काम जिथलं तिथून पुढे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रवीणला हे मीच शिकवलं. आता माझ्यापेक्षा त्याचाच हात बसलाय.

६ फेब्रु.
दुपारी लाइट गेली. झोपवलं, उठलं, चालू. मैनाबाई येऊन गेल्या. पडद्यावर त्यांच्या देवाचं झाड ओळखलं, हात जोडले. संध्याकाळी प्र.च्या भरवशावर मशीन सोडून घरी.

७ फेब्रु.
गेलं सगळं. सकाळी लाइट गेली, झोपवायला गेले तर मशीन म्हणे स्वॅपला जागा नाही. पाहते तर स्वॅप बंद, फाइलच उडवलेली. नवी करू म्हटलं तर डिस्क गच्च. कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग. ती कामं प्र.ची. तेवढ्यात इन्व्हर्टरने मान टाकली.

प्र. म्हणाला, "जागा पायजे होती. सकाळी परत लावतो म्हटलं, राहूनच गेलं."

म्हणजे अजाणता नाही. काय काढतोय ते माहीत होतं, आणि मला एक शब्द नाही. फार लागलं.

८ फेब्रु.
बैठक. ग्रामसभांच्या संघाचे अध्यक्ष देवाजीभाऊ. नकाशा काऊन नाई, विचारलं. मी तोंड उघडायच्या आत प्र. म्हणाला, "ताईनं मशीन बराबर झोपवली नाई."

 इतकी वर्षं एका डब्यातलं जेवतो आम्ही. भाऊ समजुतीनं म्हणाले की होते चूक. ती समजूत जास्त झोंबली. आणि मी प्र.चं नाव घेतलं नाही. का, ते अजून कळत नाही.

९ फेब्रु., सोमवार
नकाशाविना सुनावणी. सुनावणीच्या साहेबांनी आणखी एक तारीख दिली, शेवटची. बाहेर पायरीवर मैनाबाई जवळ बसल्या. "तू मशीन झोपवली नाई म्हणतेत सारे, पोरी. काऊन वं?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. 

११ फेब्रु.
नवी स्वॅप फाइल केली, जोडणी पुन्हा सुरू. पासवर्ड बदलला, कुणाला दिला नाही. इतकी कडू कधी झाले नव्हते.

जेवायच्या वेळी प्र. आला. डबा उघडला, अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली.  म्हणाला, "उद्या मैनाबाई येऊन राह्यल्या. तुमी सांगान का त्यायले खरं काय ते, ताई?"

म्हटलं, "तू सांग."

त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. भाकर तशीच पडून आहे.