तेजूच्या फोटोंखाली

३ जून
कॉलेजला मधेच रामराम ठोकून आज कामाला लागलो! राजारामपुरीत शिवानंद अण्णांचं दुकान. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधनं लोकांचे गेलेले फोटो परत काढून द्यायचे. पहिल्याच दिवशी अण्णांनी मिसळ खायला घातली, वर म्हणाले, कॉलेज अर्धवट टाकलंस, वाटीतला तिखट कट तरी पुरा संपव. झकास माणूस! खिडकीतनं समोर माझ्या तेजूचा, तेजस्वीचा क्लास दिसतो. चैनच की.

५ जून
घोळ झाला. फोन भरला म्हणून तेजूचे सगळे फोटो टेबलावरच्या काळ्या डिस्कवर उतरवले आणि फोनमधले पुसले. ती डिस्क अण्णांच्या मुलीची, विद्याश्रीची निघाली. गेल्या साली वारली ती पोरगी. तिचे सगळे व्हिडिओ त्यातच होते, त्यांवरच माझे फोटो चढले. शिव्या खायला तयार होतो. अण्णा शांतपणे म्हणाले, काढू परत, पण तूच काढायचं. मला मात्र कळेना, असली जिवाची डिस्क नवख्याच्या टेबलावर कोण ठेवतं?

८ जून
व्हिडिओ परत येतायत. पण आवाज विद्याश्रीचा, त्यांच्या घरच्या कन्नडमधला, चेहरा तेजूचा. अण्णांना दाखवलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. डोळे पुसत म्हणाले, अजून जरा स्पष्ट होऊ दे.

९ जून
तेजूचा फोन आलता. हातकणंगल्याची पोरगी, कन्नडचा गंध नाही. मधेच कन्नडमधनं विचारते, अप्पा जेवले का. व्हिडिओत विद्याश्री अण्णांना अप्पाच म्हणते. खडसावलं तर म्हणे, मी कुठं काय बोलले, डोकं फिरलंय तुझं. म्हातारा तिला फितवतोय. नक्की.

११ जून
अण्णांची कॉलर धरली. त्यांनी कबूल केलं — डिस्क मुद्दाम ठेवलती. म्हणाले, पोरीला परत आणायला एवढ्या जिवानं काढलेलं फोटो मला दुसरीकडं कुठं मिळणार? वर धमकी, आता मधेच थांबलास तर दोघीबी जातील.
थापा. सगळ्या थापा.

१२ जून
तेजू दुकानात आली. चपला न विचारता आतल्या कोपऱ्यात काढल्या, घरच्यागत. मला म्हणाली, पावणं, जरा सरका.
पावणं — मला —
चालू डिस्कची वायर उपसली.
ती बोलता बोलता थांबली. तोंड उघडंच. तिच्याकडं बघवत नाही म्हणून लिहितोय. अण्णा हाका मारतायत. आधी विद्याश्री. मग तेजस्वी. मीपण मारल्या.
दोन्ही नावांना ती ओ देत नाही —