पुतळाबाईंची दिपिका

३ नोव्हेंबर
आले एकदाची चांदीप गावाला! पुण्याची नोकरी सोडून मोगरा लावायला निघाले म्हणून सगळे हसले, पण इथलं मोकळं आभाळ बघून वाटतंय, बरं केलं. श्रीपतकाका आणि पुतळाबाई या जोडप्याने त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि विहिरीजवळचा तुकडा मला भाड्याने दिलाय. भात कापून झालंय, खळ्यात झोडणी चालू आहे, अंगाला पेंढ्याचा वास लागलाय. दुपारी पुतळाबाईंनी तांदळाची भाकरी आणि वांगं-सुकट वाढलं. नाव विचारलं. ओवी म्हटल्यावर छान हसल्या.

९ नोव्हेंबर
आज त्यांनी मला भलत्याच नावाने हाक मारली. "दिपिके, पानी भर गो." शेजारच्या रोशनीला विचारलं, तर ती हळूच म्हणाली, दिपिका त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, पावसाळ्यात तापाने गेली. फार वाईट वाटलं. एका नावाने त्यांना बरं वाटत असेल तर माझं काय जातं? संध्याकाळी पुन्हा हाक आली, तेव्हा मी ओ दिली.

१६ नोव्हेंबर
आता श्रीपतकाकाही तेच म्हणतात. किराणावाला हरेशही. आणि रोशनी! म्हटलं, अगं, दिपिका गेली असं तूच सांगितलंस ना? ती म्हणाली, "कोन गेली?"
ओटीवर पुतळाबाई माझी वेणी घालत होत्या. कानामागे बोट ठेवून म्हणाल्या, लहानपणी आंब्यावरून पडलीस, त्याची खूण. मी कधीच झाडावर चढलेले नाही.
आरशात पाहिलं. खूण आहे.

२० नोव्हेंबर
केयूरदादाला फोन केला. रविवारी न्यायला येतो म्हणाला. तुझा आवाज वेगळाच येतोय, असंही म्हणाला.
वर बघते तर रोशनी 'कोण' म्हणाली होती आणि मी 'कोन' लिहिलंय. तेव्हा कळलंच नाही. खोडून नीट लिहायला गेले – कोन. पुन्हा – कोन.

रविवार
दादा आला. भर दुपारी, ओटीवर बसला. मी धावत पानी घेऊन गेले. त्याने पेला घेतला, थँक्यू ताई म्हणाला, आणि पुतळाबाईंना विचारलं, ओवी कुठे आहे?
मी त्याचा हात धरला. "दादा, मीच रे तुजी–" ते माझं बोलनं नव्हतं. त्याने हात सोडवला, हळूच, आजारी मानसाचा सोडवतात तसा. आई म्हनाली, ती पोरगी बॅग घेऊन कवाच गेली.
तो रडला. मोबाइलवर फोटो दाखवून मलाच विचारलं, हिला पाहिलंत?
मी बघितलं. खूप बघितलं.
ओळखीची नाय वाटली.

सकाळ
रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पुन्याला जायचं – पुन्यात कोन आहे माजं?
वाल पेरायचाय. बाबा वाट बघतात –
आई हाक मारते. थांब गो. आधी नाव लिहून ठेवते, इसरायच्या आधी.
माजं नाव –
आले, आई –
माजं