बाबूजींचं ब्लडप्रेशर आणि न दिसणारा गोबी

जबलपूर,
रविवार, दुपार

चि. प्रथमेश यास विनताताईचे पोटभर आशीर्वाद आणि एक बारकासा चिमटा.

इकडे सगळे ठीक. तू मुंबईत वेळेवर जेवतोस ना? फोन सोडून पत्र लिहून राहिले, कारण बाबूजी (माझे सासरे) फोन स्पीकरवर टाकायला लावतात आणि हे त्यांच्या कानावर जायला नको.

मागच्या सुट्टीत तू काचेची टाकी, समुद्री मिठाची पिशवी आणि करंगळीच्या पेराएवढा तो गोबी मासा आमच्या बैठकीत मांडून गेलास. लहान टाकीत मजेत राहतो, कोणाशी भांडत नाही, चिमूटभर खाल्लं की त्याचं पोट भरतं, असं सांगितलंस. सगळं खरं निघालं. भांडणं आम्ही केली. पहिला गोंधळ नावाचा. खालच्या शकुकाकूंनी जिन्यात ऐकलं की प्रथमेशनं गोबी आणला, आणि त्या रिकामी वाटी घेऊनच वर आल्या. (त्यांना ऐकू आलं 'गोभी'. मुंबईहून फुलकोबी काहून आणली, इथं कमानिया गेटच्या बाजारात काय संपली होती, असं विचारत होत्या.) मासा आहे म्हटल्यावर त्यांनी टाकीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, "अच्छा, दगड पाळला!" म्हणाल्या आणि वाटी घेऊन उतरल्या.

आमच्या डॉक्टरीणबाई यशोधराताईंनी बाबूजींना सांगितलं होतं, रोज माशासमोर शांत बसा, ब्लडप्रेशर उतरेल. बाबूजी बसले. मासा दिसेना. चष्मा बदलून बसले, टॉर्च घेऊन बसले, शेवटी काचेला नाक लावून "बेटा, बाहर तो आओ" सुरू झालं. (माशाशी लाडाची हिंदी, आमच्यावर ओरडणं मात्र मराठीत.) ब्लडप्रेशर चढलं. यशोधराताई घरी आल्या, त्यांनी पट्टा बांधला आणि बाबूजी नेमकं कुठं पाहून राहिले म्हणून स्वतःही वाकल्या. मग दोघांचं "तो पाहा!", "कुठं?", "अहो, तो बुडबुडा!" असं जे चाललं, त्यात यंत्रावरचा आकडा कुठल्या कुठं गेला. (स्वतःचं ब्लडप्रेशर मोजायला त्या काही तयार झाल्या नाहीत.)

गुरुवारी बाबूजींनी जाहीर केलं की मासा मेला आणि त्याला तुझ्या जिजाजींनी मारलं. जिजाजी चिडले, बाह्या सरसावून टाकीतला दगड उचलला, अर्धं पाणी सोफ्यावर. दगडाखाली काही नाही. बाबूजी मट्‌कन खाली बसले. "माझ्यापेक्षा आधी गेला रे," म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आवाज ऐकून शकुकाकू आल्या. घरात दुःख आहे एवढं त्यांना कळलं. त्यांनी सगळ्यांना श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं केलं, स्वतः डोळे मिटले. त्या शांततेत आपले गोबीराव बाहेर आले, पोटाखालच्या परांनी समोरच्या काचेला चिकटले आणि आमच्याकडे एकेक करून पाहायला लागले. बाबूजींनी आनंदानं अशी किंकाळी फोडली, की काकूंनी डोळे उघडेपर्यंत मासा गायब. आता त्या मोहल्ल्यात सांगून राहिल्या, की धक्क्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

तर बाबा, माझी हात जोडून विनंती, हा मासा घेऊन जा. जीव मेटाकुटीला आला आहे.

तुझी,
विनताताई

ता. क. बाबूजींचं ब्लडप्रेशर काल चक्क उतरलेलं निघालं. ओरडलं की मासा पळतो हे कळल्यापासून घरात कोणी आवाज चढवत नाही.

ता. क. दुसरा. मासा टाकीतल्या पंपाच्या मागं बसतो. स्वयंपाकघराच्या दारातून बरोबर दिसतो, मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. कोणाला सांगू नकोस. बाबूजी शोधण्यात गुंतल्यापासून फोडणीत हिंग काहून नाही, हे विचारायला एकदाही आत आलेले नाहीत.

ता. क. शेवटचा. घेऊन जा लिहिलं ते खोडायचं राहिलं. दिवाळीला येशील तेव्हा याच्याहून बारका मिळतो का पाहा.